चौपेडी तारेचं दुसरं टोक

१६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी सात.
अख्ख्या गल्लीत मांस भाजल्याचा धूर. उपवासाआधीचा गुरुवार म्हटल्यावर सगळं कावाला शहर शेगड्या घेऊन फुटपाथवर. आम्ही घरात. मला वेळ नाही.

आज चौपेडी वेणी, पॉइंट टूची क्रोमनिकल तार, तीस सेंटिमीटर. एकही पेड वर आला नाही. तारेची अशी वेणी हाताने घालणारे जगात दहा लोक असतील. त्यातले नऊ मशीन वापरतात आणि खोटं बोलतात.

एव्दोक्सियाने नेहमीप्रमाणे दुसरं टोक धरलं, तिच्या पार्लरमधल्या केसांच्या चिमट्यात. तिचं काम सोपं. नुसतं धरायचं. मध्येच काहीतरी विचारत होती. पार्लर, तिची बहीण अँथुला, प्रिनोस, समुद्र, असं काहीतरी. मी एकशे चौथ्या गुंफणीवर. हो हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? म्हणालो, नक्की, पण टोक हलवू नकोस. हलवलं नाही. उलट खूश दिसली. चांगल्या वेणीचा आनंद तिलाही होतोच.

संकल्प: थेस्सालोनिकीच्या हस्तनिर्मित कॉइल स्पर्धेत दोन कॉइलची जोडी पाठवायची. शेवटची तारीख ५ एप्रिल. जिंकलो की बोटीच्या तिकीट-खिडकीला रामराम.

१९ फेब्रुवारी, रविवार.
आज पँतेलिसच्या वेप शॉपमध्ये, ई-सिगारेटच्या दुकानात, एक गिऱ्हाईक विचारत होतं, तयार कॉइल मिळते तर हाताने कशाला? अशा माणसाला काय सांगणार! तार तापते, कापसातल्या रसाची वाफ होते, एवढं कुठलीही कॉइल करते. वेणीच्या खाचांत रस मुरतो, म्हणून चव येते.

चार वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले सिगारेट सोडा. म्हणून वेप. वेपसाठी कॉइल. कॉइलसाठी वेणी. ए. म्हणते, सिगारेट सुटली, आता हे कोण सोडवणार! चौपेडी वेणी मला तिनेच शिकवली हे मान्य. पण केसांवर. तारेवर ती मी नेली.

ती असंही म्हणाली की आपण दोन वर्षं इस्त्रीच्या टेबलावर जेवतोय. हे खरं नाही. नाताळात डायनिंग टेबलवरच जेवलो होतो, एका कोपऱ्यात.

२३ फेब्रुवारी, गुरुवार.
ए.ची आवराआवर चालू. माझे कपडेसुद्धा एका सुटकेसमध्ये भरून टाकले. हिवाळा संपत आला, व्यवस्थित बाई आहे. ऑफिसात सांगितलंस का, असं विचारलं. काय ते कळलं नाही. सांगतो म्हणालो.

तारेचा रोध मोजायचा छोटा ओहम मीटर सापडत नाही. या आवराआवरीत कुठेतरी गेला. मोठ्यावर भागवतोय. माझ्या वस्तूंना हात लावू नये असं एकदा स्पष्ट सांगायला हवं.

२५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी एक.
सकाळ फुकट. दाराशी दोन सुटकेसी उभ्या होत्या. ए. अंघोळीला गेली म्हणून तारेचं टोक त्यातल्या एकीच्या हँडलला बांधलं. उत्तम ताण. साठ गुंफणी झाल्या आणि ही कोट घालून, लिपस्टिक लावून हजर. चल, म्हणाली, पावणेदहा झाले. आणि नेमकी तीच सुटकेस उचलली. अख्खी वेणी उसवली.

मी आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणालो, तू हो पुढे, मी आलोच.

ती गेली. दुसरी सुटकेस, माझ्या कपड्यांची, दाराशीच राहिली. बोटीवर पोचवायला मी हवा होतो असं दिसतंय. बंदर दहा मिनिटांवर, सुटकेसला चाकं आहेत. साडेबाराला वेणी पूर्ण झाली. तोवर ती गेलेली. चार दिवस समोरच्या बेटावर, प्रिनोसला बहिणीकडे राहील, समुद्राचं वारं खाईल. बरंच आहे. माझी एकाग्रता वाढेल.

१ मार्च, बुधवार.
मनगटावर मार्चचा दोरा नाही. दर एक मार्चला मी झोपेत असतानाच ए. बांधते, लाल-पांढरा पीळ. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हात मोकळा. माणूस आपल्या हाताने बांधून घेत नाही, तशी पद्धत नाही. तरी तारेचा एक करून घातला, एक पेड लाल दोऱ्याचा. दुपारपर्यंत मनगट सोललं. ऑफिसात शेजारच्या तिकीट-खिडकीवरची सोतिरिया म्हणाली, अहो लाझारोस, हे काय, मांजर पाळलं की काय?

चार दिवस झाले. चार म्हणजे साधारण चार.

४ मार्च, शनिवार.
ए.ला फोन. मीच केला, हे नोंदवून ठेवतो. स्पीकरवर ठेवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ती म्हणाली, लाझारे, हातात काय आहे? म्हणालो, काही नाही. तेवढ्यात मीटर वाजला. तिने फोन ठेवला.

प्रिनोसला रेंज वाईट आहे.

७ मार्च, मंगळवार.
दुसऱ्या टोकाचा प्रश्न. क्षुल्लक आहे, आठवड्यात सोडवतो.

दाराची मूठ: शेजारणीने बेल वाजवली, दार उघडलं, तार गेली. फ्रिजचं हँडल: फ्रिजच उघडला, दूध नासलं. बाल्कनीचा कठडा: कबुतरं.

आज ऑफिसात गिऱ्हाईक नव्हतं, सोतिरियाला टोक धरायला दिलं. तिने अकरा गुंफणी धरलं आणि नंतर त्याच हाताने कोणाला तरी गाडीचं तिकीट काढून दिलं. माझं टोक कुठे गेलं विचारलं तर म्हणाली, अहो, घरी बायको आहे ना, तिला द्या.

उद्या व्हाईस, टोक पकडायचा शिकंजा, विकत आणतो. लोखंडी. लोखंड बोलत नाही.

११ मार्च, शनिवार.
व्हाईस आणला. टोक हलत नाही. पण वेणी दर दहा सेंटिमीटरला तुटते. ओढलं की तुटते, नाही ओढलं की सैल. ए.च्या हातात कधी तुटली नव्हती. ओढ वाढली की तिचा हात किंचित पुढे यायचा. मी रागवायचो, हात थकला का म्हणून. आता वाटतं, थकत नसावा. असो. तारेचा लॉट खराब आहे.

खाली पार्लरच्या काचेवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी. आत खुर्च्या नाहीत, आरसेही नाहीत. घरमालक चुकीच्या दुकानाला पाटी लावून बसला. ए. आली की झापेल त्याला.

१५ मार्च, बुधवार.
पँतेलिसकडे नवी जोडी घेऊन गेलो. त्याने बसवली, बटण दाबलं. चांगली कॉइल मधून तापत कडेला जाते. ही डावीकडे लालबुंद, उजवीकडे थंड. पँतेलिसने पुन्हा एकदा बटण दाबून बघितलं. मग म्हणाला, काका, आधीच्या कोणी केल्या होत्या?

म्हणालो, मीच. म्हणाला, बरं.

त्याच्या दुकानात दमटपणा फार आहे.

१८ मार्च, शनिवार.
सोतिरियाने आज विनाकारण विषय काढला. म्हणाली, अहो, विचारू की नको असं करत तीन आठवडे गेले, पण त्या शनिवारी ताईंनी दोन तिकिटं काढली होती. दोन्ही जाण्याचीच. परतीची नाहीत.

दुसरं तिकीट बहुधा सामानासाठी.

सामानाला तिकीट लागत नाही. हे मला माहीत आहे. एकोणीस वर्षं त्या खिडकीवर बसतोय.

१९ मार्च, रविवार.
काल नीट विचार केला नाही. एक तिकीट चुकून छापलं गेलं असणार. सोतिरिया नवी आहे. सहाच वर्षं झाली.

आज वेणी नाही. हाताचं बोट सणकून दुखतं आहे.

२५ मार्च, शनिवार. सुट्टी.
गावभर तळलेला कॉड मासा आणि लसणाचं वाटण. मी पाव खाल्ला, इस्त्रीच्या टेबलावर. डायनिंग टेबल रिकामं करून तिथेच जेवायचं ठरवलं होतं, पण तारांची रिळं उचलून ठेवायला जागा नव्हती.

फोन केला, या वेळी हात रिकामे ठेवून. अँथुलाने उचलला. काय जावईबापू, म्हणाली, महिन्याने जाग आली? म्हणालो, एव्दोक्सियाला द्या. म्हणाली, तिला नको, मलाच दोन शब्द बोलू दे. मग दोन शब्दांवर थांबली नाही. म्हणाली, तूच हो म्हणालास ना? नक्की म्हणालास ना? म्हणून तिने बावीस वर्षांचं पार्लर सोडलं. माझ्या घराचा तळमजला तुम्हा दोघांसाठी रंगवून घेतला मी, खिडकीपाशी तुझ्या त्या तारांसाठी टेबल लावलं. आणि तू? ती दहाची बोट सोडून धक्क्यावर उभी राहिली. बाराचीही सोडली. दोनच्या बोटीत चढली तीसुद्धा मागे बघत. लाझारोस येतोय, आलोच म्हणालाय, असं मला फोनवर सांगत होती.

मी म्हणालो, मला कोणी सांगितलंच नाही.

अँथुलाने फोन ठेवला. एरवी ती आधी कधी ठेवत नाही.

तोच दिवस. दुपारी चार.
दाराशी उभी असलेली सुटकेस उघडली. महिनाभर ओलांडून जात होतो.

वर माझे शर्ट. पोहायची चड्डी, मी दहा वर्षांत पोहलो नाही. त्याखाली बनियनमध्ये गुंडाळलेला छोटा ओहम मीटर. क्रोमनिकलची तीन नवी रिळं. माझी पक्कड. आणि तिचा केसांचा चिमटा, टोकांना नवं फेल्टचं कापड चिकटवलेलं, तार घसरू नये म्हणून. चिमट्याला मार्चचा दोरा बांधलेला होता, लाल-पांढरा, आधीच पिळून ठेवलेला.

मी जमिनीवर बसलो आणि रडलो. इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

२६ मार्च, रविवार.
ही वही मागे चाळली. अँथुला खोटं बोलते हे सिद्ध करायला. १६ फेब्रुवारी. ‘पार्लर, तिची बहीण अँथुला, प्रिनोस, समुद्र.’ ‘हो हो म्हणालो.’ ‘उलट खूश दिसली.’ माझंच अक्षर. वेणी चांगली झाली म्हणून खूश असेल असं मला वाटलं.

मी ऐकलं होतं. लिहिण्याइतकं ऐकलं होतं.

संकल्प: ताबडतोब प्रिनोसला जायचं. माफी मागायची. उद्याच.

२७ मार्च, सोमवार.
उद्या जातो. रिकाम्या हाताने कसं जायचं? एक निर्दोष जोडी करून नेतो. म्हणजे तिला दिसेल की मी मनापासून प्रयत्न केला.

३१ मार्च, शुक्रवार.
चिमटा व्हाईसमध्ये बसवला, फेल्टसकट. थोडा फरक पडला. छत्तीस गुंफणी सलग. मार्चचा दोरा आज झाडाला बांधायचा असतो. मी तो घातलाच नव्हता. चिमट्यावरच राहू दिला.

५ एप्रिल, बुधवार.
स्पर्धेची शेवटची तारीख. पाठवलं नाही. फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘काम एकट्याने केलं आहे का?’ तो रिकामाच ठेवला. पूर्वी डोळे झाकून हो लिहिलं असतं.

सोतिरिया म्हणाली, अहो, बोट रोज सहा वेळा जाते, तिकीट तुम्हीच छापता, अडलंय काय? म्हणालो, जोडी होऊ दे. तिने कपाळाला हात लावला.

पक्कं ठरवलं. शनिवार. माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण. त्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही.

८ एप्रिल, लाझारोसचा शनिवार. सकाळी साडेनऊ, बोटीवर.
सासूबाई होत्या तेव्हा दरवर्षी याच दिवशी म्हणायच्या, बायबलातला तो लाझारोस चार दिवसांनी थडग्यातून उठला, हा आमचा खुर्चीतून उठेना. सगळे हसायचे. ए. हसायची नाही, माझ्या ताटात गोड पाव ठेवायची, छातीवर हात दुमडलेला छोटा माणूस, डोळ्यांच्या जागी लवंगा. आज उठलो आहे. सुटकेस घेऊन. खिशात डबी, डबीत जोडी. निर्दोष नाही, पण जवळपास. येतानाची दोन तिकिटं काढून ठेवली, साडेपाचची. दोघांची.

वारा छान आहे. सगळं नीट होणार. ती पहिल्यापासून मऊ मनाची.

दुपारी साडेचार. प्रिनोसच्या धक्क्यावर, कॉफीच्या टपरीत.
क्रमाने लिहितो.

अँथुलाचा तळमजला. पांढरा रंग. दारावर ए.च्या नावाची पाटी. आत उद्याच्या पाम संडेच्या सणासाठी केस करून घ्यायला पाच-सहा बायका-मुली रांगेत. ए.ने स्वतःचे केस कापलेत. छान दिसते. आधीपेक्षा छान दिसते, हे मला आवडलं नाही. खिडकीपाशी ते टेबल होतं. त्यावर टॉवेलांची चळत.

मला बघून दचकली नाही. म्हणाली, नामदिनाच्या शुभेच्छा, लाझारे. खूप वर्षं जग. बस तिथे. बशीत पाव आहेत, घे.

पाव होते. लवंगांच्या डोळ्यांचे. गिऱ्हाइकांसाठी केलेले.

मी डबी उघडून दिली. तिने वेणी उजेडात धरली, नखाने एकदा वरून खाली चाचपली. म्हणाली, फार ओढतोस रे. मी कुणाचे केस इतके ओढले असते तर ते माणूस पुन्हा आलं नसतं. आणि डबी मिटून माझ्या हातात परत दिली. रागाने नाही. गिऱ्हाइकाला सल्ला द्यावा तसं.

मग मी सगळं बोललो. सगळ्या बायकांसमोर. वही वाचली, सुटकेस उघडली, मीटर सापडला, चिमटा सापडला. तू हात पुढे करायचीस म्हणून तार तुटत नव्हती हे आता कळलं. मला माफ कर. घरी चल, किंवा मी इथे येतो, तू म्हणशील तसं. रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती. खुर्चीत एक मुलगी बसली होती, तिची चौपेडी वेणी चालू होती. ए.चे ओठ हलत होते. मला वाटलं ती काहीतरी बोलणार. मग लक्षात आलं, ती मोजत होती.

मी म्हणालो, साडेपाचची दोन तिकिटं आहेत. परतीची. येशील ना?

तिने मान हलवली. येते म्हणाली. मी सुटकेस घेऊन धक्क्यावर येऊन थांबलोय. येते म्हणाली, हे महत्त्वाचं.

पाच वीस.
गिऱ्हाइकं पाच-सहा होती. प्रत्येकी वीस मिनिटं. हिशेबाने उशीर होणारच. बोटीवरच्या माणसाला सांगितलं, एक मिनिट थांब, बायको येतेय. तो मला ओळखतो. थांबतो म्हणाला.

पाच चाळीस.
तीन मिनिटं जास्त थांबून ही बोट गेली. हरकत नाही. साडेसातची आहे, आजची शेवटची.

सहा पन्नास.
त्या रांगेतली म्हातारी समोरून गेली, केस करून. म्हणजे पार्लर उरकलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

सात वाजून दहा.
इथून रस्ता थेट अँथुलाच्या घरापर्यंत दिसतो. खालच्या मजल्यावर दिवा आहे. एकदा दारात कोणीतरी येऊन फरशी पुसली आणि आत गेलं.

दहाची बोट, मग बाराची, मग दोनची. म्हणजे ती चार तास उभी होती. मला अजून तीनही झाले नाहीत आणि मी तिसऱ्यांदा खुर्चीत बसलोय.

सात पस्तीस. बोटीवर.
मागच्या डेकवर उभा आहे. इथून सगळा धक्का दिसतो. कोणी धावत येत असतं तर दिसलंच असतं.

मगाशी मी नीट लिहिलं नाही. ‘येते म्हणाली’ असं लिहिलं. मागेही मी असंच माझ्या सोयीचं लिहीत आलो. या वेळी तिचे शब्द आहेत तसे उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा मला कोणी सांगितलंच नाही असं म्हणता येणार नाही. मुलीच्या केसांवरून नजर न काढता, अजिबात आवाज न चढवता म्हणाली:

तू हो पुढे, मी आलेच.